कॅल्कमध्ये डीफॉल्ट फॉन्ट बदलला, तरी देवनागरी मजकूर दुसऱ्याच फॉन्टमध्ये का दिसतो?

नमस्कार मंडळी,

भूगोलातल्या पारिभाषिक शब्दांची एक यादी मी दोन वर्षांपासून करते आहे. लिबरऑफिसचं कॅल्क (स्प्रेडशीटचा प्रोग्राम) वापरते. पहिल्या कॉलममध्ये इंग्रजी संज्ञा, दुसऱ्यात मराठी पर्याय, तिसऱ्यात दोन-तीन ओळींचं स्पष्टीकरण. आता ४,००० च्या आसपास ओळी झाल्यात आणि दिसण्याच्या अडचणींनी काम अडलंय. त्या एकेक सांगते.

१. मला सगळीकडे मुक्ता फॉन्ट हवा आहे. जुन्या भरलेल्या शीटवर सगळं सिलेक्ट करून वरच्या पट्टीतून मुक्ता निवडला की इंग्रजी आणि मराठी दोन्ही बदलतं. पण नवी कोरी शीट घेऊन तिथे हेच केलं आणि मग टाइप करायला लागले, तर इंग्रजी मुक्तात येतं आणि मराठी भलत्याच अक्षरात. हे का होतं ते मला अजिबात कळत नाही.

२. नवीन फाइल उघडली की पुन्हा लिबरेशन सॅन्स हाच फॉन्ट. लिबरऑफिसच्याच रायटरमध्ये (लेखनाचा प्रोग्राम) ऑप्शन्समध्ये बेसिक फॉन्ट्स असं पान आहे, तसं कॅल्कसाठी सापडलं नाही.

३. काही ओळींत उकार आणि खालच्या मात्रा कापल्या जातात. ‘पृष्ठ’ मधला ऋकार निम्माच दिसतो.

४. एका जुन्या यादीतून घेतलेल्या दोनेकशे ओळी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतात. त्यांना मुक्ता लावला तरी गोंधळच.

५. हीच फाइल माझी सहकारी एक्सेलमध्ये उघडते तेव्हा तिला वेगळंच दिसतं.

लिनक्स आहे, कॅल्क अद्ययावत आहे. जाणकारांनी कृपया मदत करावी.

*

प्रतिसाद १

सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकून बघा. माझं एकदा असंच झालं होतं, तेव्हा त्याने सुटलं.

*

प्रतिसाद २

पुन्हा टाकू नका, वेळ जाईल आणि हाती काही लागणार नाही. तुमच्या सेटिंग्ज आणि टेम्प्लेट्स युजर प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये असतात. प्रोग्राम काढला तरी ते फोल्डर जागेवरच राहतं. आणि इथे काही बिघडलेलंही नाही. तुमची पहिली अडचण म्हणजे कॅल्कचं ठरलेलं वागणं आहे, फक्त ते कुठे लिहून दिसत नाही म्हणून माणूस गोंधळतो.

कॅल्कमध्ये प्रत्येक सेलला एक फॉन्ट नसतो, तीन असतात. एक पाश्चात्त्य लिपीसाठी, एक चिनी-जपानी-कोरियनसाठी, आणि एक ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ म्हणजे सीटीएल लिप्यांसाठी. देवनागरी या तिसऱ्या गटात येते. त्यामुळे ‘नदी’ लिहिलं की सीटीएलचा फॉन्ट लागतो आणि त्याच सेलमध्ये इंग्रजी शब्द लिहिला की पाश्चात्त्य फॉन्ट लागतो.

आता तुमचं कोडं. वरच्या पट्टीतून फॉन्ट निवडता तेव्हा कॅल्क बघतं की सिलेक्ट केलेल्या भागात कोणत्या लिपीचा मजकूर आहे, आणि तेवढ्या लिपीपुरताच फॉन्ट लावतं. भरलेल्या शीटमध्ये दोन्ही लिप्या होत्या म्हणून दोन्हीकडे लागला. कोऱ्या शीटमध्ये मजकूरच नाही, मग ते प्रोग्रामच्या भाषेवरून अंदाज करतं. तुमचा इंटरफेस बहुतेक इंग्रजीत असणार, म्हणून मुक्ता फक्त पाश्चात्त्य खात्यात गेला. सीटीएलच्या खात्यात जुनाच फॉन्ट बसून आहे.

म्हणून पट्टीवर विसंबू नका, स्टाइल बदला. आधी टूल्स, ऑप्शन्स, मग भाषांच्या सेटिंग्जचं पान. तिथे डॉक्युमेंटच्या डीफॉल्ट भाषांमध्ये ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ समोरची खूण आहे का बघा आणि भाषा मराठी निवडा. त्याच पानावर ‘फक्त चालू डॉक्युमेंटसाठी’ अशी एक खूण असते. ती चुकून राहिली तर पुढच्या फाइलमध्ये सगळं परत पहिल्यासारखं होतं, तेव्हा ती काढा.

मग एफ-११ दाबा. स्टाइल्सची पट्टी उघडेल. सेल स्टाइल्समध्ये ‘डीफॉल्ट’ वर उजवी क्लिक, एडिट स्टाइल, फॉन्टचा टॅब. तिथे वेस्टर्न आणि कॉम्प्लेक्स वेगवेगळे दिसतील. दोन्हीकडे मुक्ता आणि हवा तो आकार घाला. आकारसुद्धा दोन्हीकडे वेगळा ठेवता येतो, आणि ठेवावा असं माझं आग्रहाचं मत आहे. बऱ्याच फॉन्टजोड्यांत इंग्रजी १० असेल तर शेजारची देवनागरी वाचायला ११ किंवा १२ लागते.

*

प्रतिसाद ३ (धागाकर्ती)

अनेक आभार! सीटीएलची खूण आधीपासून होती, पण कॉम्प्लेक्सच्या टॅबमध्ये खरंच लोहित देवनागरी बसलेला होता. दोन्ही बदलले. कोऱ्या शीटवर आता बरोबर येतंय.

पण जुन्या शीटमधल्या काही ओळी अजून जुन्याच फॉन्टमध्ये आहेत. स्टाइल बदलूनही त्या हलत नाहीत.

*

प्रतिसाद ४

त्या ओळींवर थेट फॉरमॅटिंग आहे. म्हणजे कधीतरी पट्टीतून हाताने फॉन्ट लावला असेल, किंवा दुसरीकडून चिकटवताना तो सोबत आला असेल. हाताने लावलेलं स्टाइलच्या वर बसतं, त्यामुळे खालची स्टाइल कितीही बदला, ते झाकलेलंच राहतं. त्या ओळी सिलेक्ट करा, फॉरमॅट मेनूमधून ‘क्लिअर डायरेक्ट फॉरमॅटिंग’. फक्त एक सांभाळा: ठळक, तिरपं, रंग, तारखांचे आणि आकड्यांचे फॉरमॅट हेही त्यासोबत जातं. आधी फाइलची प्रत काढून ठेवा.

आणि इथून पुढे बाहेरून मजकूर चिकटवताना ‘पेस्ट स्पेशल’ मधून विनाफॉरमॅट मजकूर घ्या. ही एक सवय लागली तर निम्मा त्रास होतच नाही.

*

प्रतिसाद ५

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. रायटरसारखं बेसिक फॉन्ट्सचं पान कॅल्कला नाही. इथे टेम्प्लेटच करावी लागते.

कोरी फाइल उघडा, वर सांगितल्याप्रमाणे डीफॉल्ट स्टाइलमध्ये दोन्ही फॉन्ट घाला, आणि फाइल मेनूतल्या टेम्प्लेट्समधून ‘सेव्ह अ‍ॅज टेम्प्लेट’. त्या खिडकीत खाली ‘डीफॉल्ट टेम्प्लेट करा’ अशी खूण असते, ती केली की झालं. त्यानंतरची प्रत्येक नवी शीट त्यावरून निघते. ज्या फाइल्स आधीपासून आहेत त्यांना याने काही होत नाही, त्यांची स्टाइल त्यांच्या पोटातच असते.

टेम्प्लेट करताना सेलमध्ये काही लिहिलेलं राहिलं तर तेही प्रत्येक नव्या फाइलमध्ये येईल. सेव्ह करण्याआधी शीट खरंच कोरी आहे ना, हे बघून घ्या.

*

प्रतिसाद ६

वाचनखूण साठवली. माझा एक प्रश्न याच धाग्यात विचारतो. पट्टीत फॉन्टचं नाव एक दिसतं आणि अक्षरं दुसरीच असतात, हे मी एक्सेलमध्येही पाहिलंय. नाव कॅलिब्री. ते बदलून केंब्रिया केलं तरी मराठी अक्षर जराही बदलत नाही. तिथे तर सीटीएल वगैरे टॅब नाही.

*

प्रतिसाद ७

कारण कॅलिब्रीत देवनागरी अक्षरंच नाहीत, केंब्रियातही नाहीत. ज्या फॉन्टमध्ये अक्षर नसतं त्याच्या जागी संगणक देवनागरी असलेला दुसरा फॉन्ट शोधून तिथलं अक्षर काढतो. विंडोज ८ पासून हे काम बहुधा निर्मला यूआय करतो, त्याआधी मंगल करायचा. पट्टीवर मात्र तुम्ही मागितलेलं नाव राहतं, प्रत्यक्ष काढलेलं नाही. म्हणून पट्टीवरचं नाव हा पुरावा धरू नका. देवनागरी असलेला फॉन्ट, म्हणजे निर्मला, कोकिळा, मुक्ता, नोटो सॅन्स देवनागरी, यांपैकी एखादा निवडा, अक्षर लगेच बदललेलं दिसेल.

मंगलबद्दल एक माहिती, कारण जुन्या फाइल्स बहुतेक त्यातच असतात. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट पूरक देवनागरी फॉन्टसंचात गेले आहेत. सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून तो संच घ्यावा लागतो. तो नसेल तर फाइल म्हणते मंगल आणि पडद्यावर असते निर्मला.

लिबरऑफिसमध्ये हे ओळखायला सोपं आहे. फॉन्ट संगणकावर नसेल तर पट्टीत त्याचं नाव तिरप्या अक्षरात दिसतं. आणि फाइलला हात न लावता बदली फॉन्ट ठरवायचा असेल तर टूल्स, ऑप्शन्स, फॉन्ट्स इथे बदलीचा तक्ता आहे. ‘मंगल’ च्या जागी ‘नोटो सॅन्स देवनागरी’ असं एकदा लिहून ‘नेहमी’ ची खूण करा. फाइलमध्ये मंगल हेच नाव कायम राहतं, त्यामुळे ज्याच्याकडे मंगल आहे त्याला मंगलच दिसेल. दुसऱ्याच्या फाइलवर काम करताना हा उपाय मला सगळ्यात सभ्य वाटतो.

*

प्रतिसाद ८

एक्सेलचा डीफॉल्ट फॉन्ट बदलायचा असेल त्यांच्यासाठी: फाइल, ऑप्शन्स, जनरल, तिथे ‘नवीन वर्कबुकसाठी’ खाली फॉन्ट आणि आकार. प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा लागतो आणि बदल फक्त नव्या फाइल्सना लागतो. हातातल्या फाइलसाठी होम टॅबमधल्या सेल स्टाइल्समध्ये ‘नॉर्मल’ वर उजवी क्लिक करून मॉडिफाय.

नॉर्मल बदलण्याआधी थांबून एक लक्षात घ्या. एक्सेलमध्ये कॉलमची रुंदी नॉर्मल स्टाइलच्या फॉन्टमधल्या अंकांच्या रुंदीवर मोजली जाते. डीफॉल्ट रुंदी ८.४३ दिसते, म्हणजे त्या फॉन्टचे साधारण तेवढे अंक मावतील इतकी जागा. नॉर्मल बदलला की मोजपट्टीच बदलते. कॉलम रुंद किंवा अरुंद होतात, छपाईत एका पानावर बसणारी शीट दोन पानांवर जाते, आणि जिथे आकडे मावत नाहीत तिथे हॅशच्या रांगा येतात. वरची ए, बी, सी आणि बाजूचे ओळींचे आकडेही नॉर्मलच्याच फॉन्टमध्ये येतात. ते विचित्र दिसायला लागले तर पहिला संशय नॉर्मलवर घ्या.

धागाकर्तीच्या पाचव्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. एक्सेलचा डीफॉल्ट २००७ च्या आवृत्तीपासून कॅलिब्री ११ होता, त्याआधी एरियल १० होता, आणि २०२३ मध्ये अ‍ॅप्टोसची घोषणा झाल्यावर नव्या आवृत्त्यांत अ‍ॅप्टोस नॅरो आला. फाइलच्या नॉर्मलमधला फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसेल तर तिथे बदली फॉन्ट लागतो, म्हणजे तीच फाइल दोन ठिकाणी दोन रुंदींची.

*

प्रतिसाद ९

उरलेलं अर्धं उत्तर मी देतो. ओडीएस म्हणजे कॅल्कच्या स्वतःच्या फाइलमध्ये एका सेलसाठी तीनही लिपीगटांच्या फॉन्टची नावं वेगवेगळी लिहायची सोय आहे. एक्सएलएसएक्समध्ये, म्हणजे एक्सेलच्या फाइलमध्ये, एका फॉन्टनोंदीत एकच नाव मावतं. तुम्ही कॅल्कमध्ये इंग्रजीला लिबरेशन आणि मराठीला मुक्ता ठेवून एक्सएलएसएक्स म्हणून पाठवलं, तर ती जोडी तशीच पोचेल असं धरू नका. सहकारी एक्सेलवर असेल तर दोन्ही लिप्या असलेला एकच फॉन्ट ठेवा. मुक्तात लॅटिन अक्षरंही आहेत, तेव्हा तुमची निवड चांगलीच आहे. मात्र तिच्या संगणकावर मुक्ता असायला हवा. कॅल्कमध्ये फाइल, प्रॉपर्टीज, फॉन्ट इथून फॉन्ट फाइलमध्येच भरता येतो, पण एक्सेलमध्ये तशी सोय नाही. तिला फॉन्टची फाइल वेगळी पाठवा. नुसतं बघायचं असेल तर पीडीएफ पाठवा.

*

प्रतिसाद १०

कापलेल्या मात्रांचं कारण ओळीची उंची. कधीतरी कुणीतरी ओळीची कड ओढून उंची ठरवून टाकलेली असते, त्यानंतर ती फॉन्टप्रमाणे वाढत नाही. देवनागरीला वर रफार-वेलांटी आणि खाली उकार-ऋकार असे दोन्हीकडे मजले लागतात, त्यामुळे इंग्रजीच्या मापाची ओळ पुरत नाही. कॅल्कमध्ये सगळ्या ओळी सिलेक्ट करून फॉरमॅट, रोज, ‘ऑप्टिमल हाइट’. तिथे थोडी जादा जागाही देता येते. एक्सेलमध्ये ओळींच्या मधल्या रेघेवर डबल क्लिक. पण एकत्र केलेल्या सेल असतील तर एक्सेल त्यांची उंची आपोआप जुळवत नाही. शब्दयादीसारख्या कामात सेल एकत्र करूच नयेत, त्याने क्रमवारीही अडते.

*

प्रतिसाद ११

चौथ्या प्रश्नाआधी सर्वांसाठी लिहितो, कारण ‘फॉन्ट बिघडला’ म्हणून येणाऱ्या किती तक्रारी फॉन्टच्या नसतातच. बिघडलेला मजकूर नीट बघितला तर रोग कळतो.

रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही. देवनागरी फॉन्ट टाका, प्रोग्राम पुन्हा उघडा, संपलं.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि त्याला लागून चलनाची खूण, अशी जोडी पुन्हा पुन्हा येत असेल तर फाइल चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायच्या चुकीच्या पद्धतीने, वाचली गेली आहे. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांची सामाईक अक्षरसूची. तिच्यातलं प्रत्येक देवनागरी अक्षर यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये ३ बाइट्स घेतं, आणि त्यांतला पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच असतो. वाचणाऱ्याला यूटीएफ-८ आहे हे कळलं नाही की एका अक्षराची तीन चिन्हं होतात, म्हणून तीच तीच खूण दर तिसऱ्या जागी दिसते. सीएसव्ही फाइलवर डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की हे हमखास होतं. डेटा टॅबमधल्या ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ मधून घ्या आणि ६५००१ यूटीएफ-८ निवडा. कॅल्क उघडतानाच विचारतं, तिथेही यूटीएफ-८.

प्रश्नचिन्हांच्या रांगा असतील तर मात्र वाईट बातमी. कुणीतरी देवनागरी न मावणाऱ्या एन्कोडिंगमध्ये फाइल सेव्ह केली आहे आणि मूळ अक्षरं गेली. कोणताही फॉन्ट ती परत आणणार नाही. जुनी प्रत शोधा.

आणि साधी इंग्रजी अक्षरं-चिन्हं यांचा अर्थहीन गोंधळ असेल तर तो युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर. ताई, तुमचं हेच दिसतंय. शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर देवनागरीचं चित्र बसवलेलं असायचं. फाइलमध्ये खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली आहेत, म्हणून मुक्ता लावून काही होत नाही. आधी तो जुना फॉन्ट लावून नीट वाचता येतं का बघा, म्हणजे नेमका कोणता फॉन्ट ते कळेल. मग त्याच फॉन्टच्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये न्या. सगळ्या शीटवर परिवर्तक कधीही चालवू नका. तुमच्या पहिल्या कॉलममधली खरी इंग्रजी अक्षरंही तो देवनागरी समजून बदलून टाकेल.

*

प्रतिसाद १२

तेवढ्याच सेल वेगळ्या काढायची युक्ती: एक्सेलमध्ये शोध-बदल खिडकीच्या ऑप्शन्समध्ये ‘फॉरमॅट’ आहे. शोधा मध्ये तो जुना फॉन्ट द्या, बदला मध्ये पिवळा रंग द्या, मजकुराच्या जागा कोऱ्या ठेवा आणि सगळे बदला. मग रंगावर फिल्टर.

*

प्रतिसाद १३

कुणी लिहिलं नाही म्हणून. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असतो, बऱ्याच फॉन्टमध्ये हिंदी वळणाचे येतात. काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कळलं तर ते मराठी वळण दाखवतात. कॅल्कमध्ये डीफॉल्ट स्टाइलच्या कॉम्प्लेक्स टॅबमध्ये फॉन्टखालीच भाषा असते. तिथे हिंदी असेल तर मराठी करा. नोटो सॅन्स देवनागरीत फरक लगेच दिसतो. शब्दयादी मराठीची आहे, तिच्यात ल आणि श आपलेच असावेत असं मला मनापासून वाटतं.

*

प्रतिसाद १४ (धागाकर्ती)

सर्वांचे खूप आभार. दोन दिवस बसून सगळं केलं, काय काय झालं ते लिहिते.

टेम्प्लेट झाली. थेट फॉरमॅटिंग काढलं, त्यात तिरप्या केलेल्या लॅटिन संज्ञा सरळ झाल्या, त्या पुन्हा कराव्या लागल्या (प्रत काढून ठेवली होती म्हणून कोणत्या ते तरी कळलं). ऑप्टिमल हाइटने ‘पृष्ठ’ पूर्ण दिसतोय. भाषा खरोखर हिंदी होती! ती मराठी केली आणि ल-श पाहून फार बरं वाटलं. सहकारीकडे मुक्ता पोचला, तिला आता माझ्यासारखंच दिसतं.

जुन्या ओळी मोजल्या तर २१२ भरल्या. सहकारीच्या एक्सेलमध्ये पिवळ्या करून तेवढ्याच परिवर्तकातून काढल्या. रफार काही ठिकाणी एक अक्षर आधी पडलाय, ते हाताने सुधारते आहे.

एक नवीन गोष्ट मात्र समोर आली. ‘वाऱ्याचा वेग’ शोधलं तर माझ्या ओळी सापडतात, या २१२ मधल्या सापडत नाहीत. डोळ्यांना अक्षर हुबेहूब एकच आहे. व्हीलुकअप हे जुळणारी ओळ शोधणारं सूत्रही चुकतं.

*

प्रतिसाद १५

‘ऱ्य’ मधला आडवा र दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक, ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि न दिसणारा शून्य-रुंदी जोडक. दोन्हींचं चित्र एकच येतं, शोधाला मात्र ते दोन वेगळे शब्द. ‘वाऱ्या’ एवढाच शब्द एका सेलमध्ये ठेवून लेन हे अक्षरचिन्हं मोजणारं सूत्र लावा. पहिल्या तऱ्हेत ६ येईल, दुसऱ्या तऱ्हेत ७.

सुधारायला सबस्टिट्यूट हे मजकूर बदलणारं सूत्र वापरा. शोधायचा भाग म्हणजे र, हलन्त आणि युनिकॅर(८२०५), म्हणजे तोच न दिसणारा जोडक, जोडून, त्याजागी ऱ आणि हलन्त. सूत्रात आकडा इंग्रजी अंकांत लिहा. नुसता ८२०५ सगळीकडून पुसू नका, काही शब्दांत अर्धं अक्षर उघडं दाखवायला तो मुद्दाम घातलेला असतो.

*

प्रतिसाद १६ (धागाकर्ती)

लेनने ७ च आलं. सूत्र लावलं, ३८ सेल बदलल्या. ‘दऱ्या’, ‘किनाऱ्यालगतचा’, ‘वाऱ्याचा वेग’ सगळे एका शोधात येताहेत.